मेंदूतील गाठ आणि बोधनक्षमता : शस्त्रक्रियेआधी व नंतर

लक्ष देणे, आठवणे, नेमका शब्द सापडणे, कामांचा क्रम लावणे अशा मेंदूच्या कामांना मिळून बोधनक्षमता म्हणतात. मेंदूतील गाठ (अर्बुद, ट्यूमर) काढल्यावर रुग्ण विसरू लागला की बोट शस्त्रक्रियेकडे दाखवले जाते. प्रत्यक्षात पुष्कळ रुग्णांत ही घसरण आधीच सुरू झालेली असते. ती मोजलेली नसते.

ही घसरण किती दिसते, ते गाठीच्या जागेइतकेच तिच्या वेगावर ठरते. कमी श्रेणीचा, म्हणजे हळू वाढणारा ग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींची गाठ) वर्षाला साधारण 4 मिलिमीटर रुंदावतो. तेवढ्या सवडीत शेजारचे आणि विरुद्ध बाजूचे भाग बाधित भागाची कामे उचलू लागतात. रुग्ण नोकरी सांभाळतो. फक्त हिशेबाला वेळ लागतो, बोलताना धागा सुटतो. ग्लायोब्लास्टोमा हा झपाट्याने वाढणारा ग्लायोमा ही सवड देत नाही. मेनिंजिओमा मेंदूच्या आवरणातून उगवतो आणि मेंदूला बाहेरून दाबतो. तो कपाळामागे असेल तर माणूस निरुत्साही, बेपर्वा होतो आणि ते नैराश्य किंवा स्मृतिभ्रंश समजले जाते. येथे शस्त्रक्रियेनंतर अनेकांची स्मृती आणि लक्ष सुधारते.

म्हणूनच शस्त्रक्रियेआधीची चाचणी मोलाची. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेली 30 गुणांची ‘मोका’ ही बोधनक्षमतेची चाचणी झटपट होते, पण सूक्ष्म उणिवा तिच्यातून निसटतात. अंक आणि अक्षरे आलटून पालटून जोडणे, शब्दयादी अर्ध्या तासाने पुन्हा सांगणे, एका मिनिटात एकाच अक्षराचे शब्द आठवणे अशा कसोट्या अधिक बारकाईने सांगतात. तीच चाचणी पुन्हा दिल्यास सरावानेही गुण वाढतात, त्यामुळे दुसऱ्या वेळी पर्यायी यादी वापरणे बरे.

पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये वाचेची जागा दाखवली, तरी ती प्रत्येकात नेमकी त्याच ठिकाणी नसते. मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना कळत नाही. त्यामुळे वाचेजवळची गाठ काढताना रुग्णाला शस्त्रक्रियेत जागे ठेवून चित्रांची नावे विचारतात आणि सौम्य विद्युतप्रवाहाने मेंदूचा पृष्ठभाग तपासतात. एखाद्या जागी प्रवाह देताच शब्द अडला, तर ती जागा राखली जाते.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस फसवे असतात. सूज, गुंगी, झोपमोड यांनी गुण खाली येतात. पूरक कारक क्षेत्रातील (हालचाल आणि बोलणे सुरू करण्यात भाग घेणाऱ्या मेंदूच्या भागातील) गाठ काढल्यावर रुग्ण चक्क मुका होऊ शकतो, विरुद्ध बाजूचे हातपाय हलवत नाही. घरच्यांचा धीर सुटतो, पण बहुधा काही आठवडे ते महिन्यांत हे ओसरते. मुलांमध्ये लहान मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांनी वाचा जाण्याचा वेगळा प्रकार आढळतो. तिथे बोलणे परतले तरी उच्चारातील आणि शिकण्यातील अडचणी उरू शकतात. म्हणून पक्की तुलना सुमारे 3 महिन्यांनी केली जाते. त्या वेळी झटके रोखणारी औषधेही पाहावी लागतात: टोपिरामेटने शब्द अडतात, लेव्हेटिरासिटामने चिडचिड वाढते. किरणोपचाराचा परिणाम तर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी उमटतो.