अंतिम वर्ष प्रकल्प (ग्रामीण विदर्भ)

अभियांत्रिकी पदवीच्या शेवटच्या वर्षी चार-पाच विद्यार्थ्यांचा गट एका प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली एखादे यंत्र, उपकरण, संगणकप्रणाली किंवा प्रयोगमालिका तयार करतो, त्यावर बांधीव अहवाल लिहितो आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा देतो. या सगळ्याला मिळून ‘फायनल इयर प्रोजेक्ट’ म्हणतात. कॉलेजात नुसते ‘प्रोजेक्ट’ म्हटले तरी भागते. मार्गदर्शक तो ‘गाईड’ आणि परीक्षक तो ‘एक्स्टर्नल’. पदविका अभ्यासक्रमात याचाच धाकटा भाऊ आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या २०१७ पासूनच्या ‘आय स्कीम’मध्ये त्याचे दोन भाग केले होते : पाचव्या सत्रात नियोजन, सहाव्यात प्रत्यक्ष काम.

ग्रामीण विदर्भात हा प्रकल्प करणाऱ्या पुष्कळ मुलामुलींच्या घरी वावर असते, त्यामुळे यंत्राचा प्रश्न बहुधा घरूनच येतो. उत्तर मात्र विद्यापीठाच्या वेळापत्रकात बसवावे लागते आणि त्या वेळापत्रकाचा पिकाशी काही संबंध नसतो. या प्रकल्पांचे बरेचसे गुणदोष या एका विसंगतीतून आलेले आहेत.

पार्श्वभूमी. विदर्भात अभियांत्रिकी पदवीचे शिक्षण आधी शहरांपुरते होते. नागपूरचे विश्वेश्वरय्या महाविद्यालय १९६० चे, अमरावतीचे शासकीय महाविद्यालय १९६४ चे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी शेगाव, पुसद अशा गावांत अभियांत्रिकीचे वर्ग भरू लागले. अमरावती विद्यापीठही त्याच वर्षीचे. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले. पुढे काही महाविद्यालयांनी कोकणातल्या लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठाची संलग्नता घेतली. म्हणजे पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडे) उपटण्याच्या यंत्राला गुण कसे द्यायचे याचा आराखडा कधी कधी भातखाचरांच्या प्रदेशातून येतो.

याचा एक पूर्वज वर्ध्याच्या वाटेवर सापडतो. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. किंमत १५० रुपयांच्या आत हवी, यंत्र २० वर्षे टिकले पाहिजे, खेड्यातल्या बाईला ते फारसे न थकता आठ तास चालवता आले पाहिजे, अशा अटी होत्या. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. आजच्या सिनॉप्सिसमध्ये (प्रकल्पाच्या प्राथमिक आराखड्यात) ‘प्रॉब्लेम स्टेटमेंट’ म्हणून जे अर्धे पान असते, त्यात इतक्या नेमक्या अटी क्वचितच दिसतात. पुढे १९३४ मध्ये वर्ध्यात ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडीच्या त्या परिसरात आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे.

दुसरा वारसा नागपूरचा आणि यांत्रिकी शाखेचा. माणूस सातत्याने साधारण ७५ वॅट, म्हणजे एक दशांश अश्वशक्ती काम करू शकतो. कडबा तोडायला किंवा विटा दाबायला ती ताकद पुरत नाही. प्राध्यापक जे. पी. मोडक यांनी मांडलेल्या मानवचलित चक्रगती यंत्रात सायकलसारखे पायडल मारून जड चाक फिरवत ठेवायचे आणि मग क्लच जोडून साठलेली ऊर्जा काही सेकंदांत कामाला लावायची. मिनिटभराच्या पायडलचे ४५०० ज्यूल पाच सेकंदांत सोडले तर, घर्षणातली घट सोडून, सुमारे १.२ अश्वशक्ती मिळते. या कल्पनेवर विदर्भात कित्येक प्रबंध झाले आणि त्याहून जास्त पदवी प्रकल्प. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सीटखाली मोठे चाक असलेली, कुठेच न जाणारी सायकल दिसली की ती बहुधा याच घराण्यातली समजावी.

दोन वेळापत्रके. सातवे सत्र साधारण जुलै ते नोव्हेंबर, आठवे जानेवारी ते मे. सातव्यात विषय ठरतो, जुने शोधनिबंध वाचले जातात, सिनॉप्सिस आणि सेमिनार होतात. लोखंड कापले जाते ते आठव्यात. खरिपाचे गणित नेमके उलटे आहे. जूनमध्ये पेरणी, जुलै-ऑगस्टमध्ये डवरणी (ओळींमधली कोळपणी) आणि निंदण, ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणीचा जोर, दसरा-दिवाळीला सोयाबीन घरात आणि कापसाचे वेचे फार तर फेब्रुवारीपर्यंत. डवरणीचे यंत्र कागदावर असते तेव्हा वावरात डवरणी चाललेली असते आणि यंत्र तयार होते तेव्हा वावर नांगरून उन्हात तापत पडलेले असते. मग चाचणी कॉलेजच्या मैदानावर, कधी पोर्चच्या फरशीवर होते आणि अहवालात ‘समाधानकारक’ अशी नोंद होते.

काळ्या मातीत ही फसगत जास्त होते. ही माती पाण्याने फुगते आणि सुकली की भेगाळते. पावसाळ्यात तिचा चिखल चाकाला असा बसतो की चार पावलांत चाकाची जाडी दुप्पट होते. सायकलच्या चाकावर चालणारा फवारणी पंप हा कदाचित सर्वांत जास्त वेळा केलेला प्रकल्प असावा. चाकावरून साखळी, साखळीवरून भुजादंड (क्रँक) आणि त्याने पंपाचा दांडा वर-खाली. मे महिन्यात तो बिनतक्रार चालतो, पण फवारणीची खरी वेळ ऑगस्टची असते.

भंडारा-गोंदियाकडे मात्र जिथे तलावाचे किंवा कालव्याचे पाणी असते तिथे उन्हाळी धान घेतात. त्याची रोवणी (लावणी) जानेवारी-फेब्रुवारीत होते आणि कापणी मेच्या सुमारास. रोवणी किंवा कोनोवीडरवर (धानातले तण काढण्याच्या यंत्रावर) काम करणाऱ्या तिथल्या गटाला आठव्या सत्रात खऱ्या चिखलाच्या बांध्या (धानाची खाचरे) मिळतात. बाकी विदर्भात हरभऱ्याचा थोडा आधार, तोही मार्चपर्यंतच.

विषय. विषयांची लाट येते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर फवारणीचा रोबो हा विषय गावोगावच्या कॉलेजांत पोहोचला. हेतूबद्दल शंका नाही : पाठीवर १६ लिटरचा पंप आणि डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत वर तोंड करून फवारणे काय असते, हे त्या मुलांनी घरी पाहिलेले होते. पण हिशोब कोणी करत नाही. चार फुटांच्या ओळींनी एक एकर पुरा करायचा तर सुमारे ३.३ किलोमीटर चालावे लागते. रोबोवर असते १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी, म्हणजे सगळी मिळून ८४ वॅट-तास, आणि त्यातच पंपही चालवायचा. टाकी पाच लिटरची असली तर ओळीच्या टोकाला ती भरायला माणूस उभा हवाच. फवारणाऱ्याला विषापासून दूर ठेवणे हे उद्दिष्ट असेल तर टाकी कोण भरणार हा पहिला प्रश्न ठरतो, आणि तो सहसा ‘फ्यूचर स्कोप’मध्ये ढकललेला असतो.

कापूस वेचणीचे यंत्र ही दुसरी जुनी हौस. अमेरिकी यंत्र पाने गाळणारे रसायन मारून सगळे शेत एकदाच वेचते. इथली कपाशी झुडूपदार, बोंडे टप्प्याटप्प्याने फुटतात आणि तीन-चार वेचे करावे लागतात. म्हणून विद्यार्थी हातात धरायचे छोटे, दातेरी साखळीचे किंवा हवेने ओढणारे यंत्र करतात. त्यात सुकलेली पत्ती रुईबरोबर येते आणि जिनिंगवर भाव पडतो. शिवाय वेचणारी बाई दोन्ही हातांनी वेचते, यंत्र तिचा एक हात अडवते. ही अडचण शोधनिबंधात सापडत नाही, घरी विचारली तर आई अर्ध्या मिनिटात सांगते.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा हुकमी विषय म्हणजे मोबाईलवरून मोटार सुरू करणे. शेतीच्या थ्री फेज विजेची पाळी रात्रीची असली की सापकिरड्यात, रानडुकरांत आणि चंद्रपूरकडे वाघाच्या भीतीत पंपावर जावे लागते. मायक्रोकंट्रोलर, जीएसएम मॉड्यूल आणि रिले एवढ्यावर काम होते, आणि बाजारात तयार मोबाईल स्टार्टरही मिळतात. नवे काही करायला जागा आहे ती वेगळ्याच ठिकाणी. लाइट आली की आपोआप सुरू होणाऱ्या ‘ऑटो’मुळे एका डीपीवरचे (ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे पंप एका क्षणी उठतात, भार झेपत नाही आणि डीपी जळते. प्रत्येक स्टार्टरने काही सेकंद ते काही मिनिटे असे वेगवेगळे थांबून उठायचे, एवढी दोन ओळींची सुधारणा करणारा गट विरळा.

ओलावा मोजून ठिबक चालू-बंद करणाऱ्या प्रकल्पात स्वस्त, दोन पायांचा सेन्सर वापरतात. त्यातून वीज वाहते आणि ओल्या मातीत त्याच्यावरचा धातूचा मुलामा काही आठवड्यांतच झिजतो. माती भेगाळली की पाय हवेत राहतात आणि सेन्सर ‘कोरडे’ सांगतो. धारितेवर चालणारा सेन्सर बरा, पण भेगेपुढे तोही हतबल.

संगणक शाखेत पानाच्या फोटोवरून रोग ओळखण्याची चलती आहे. बहुतेक गट ‘प्लांटव्हिलेज’ हा छायाचित्रसंग्रह घेतात : ५४ हजारांवर छायाचित्रे, १४ पिके. त्यात कापूस नाही, तूर नाही. सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी. संत्र्याचा एकच रोग आहे. सफरचंद, टोमॅटो, द्राक्षे भरपूर. या संग्रहावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात ९९ टक्क्यांवर अचूकता मिळाली होती, पण वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या छायाचित्रांवर ती सुमारे ३१ टक्क्यांवर आली. अहवालात पहिला आकडा उतरतो. वरुड-मोर्शीच्या संत्राबागांपासून हाकेच्या अंतरावर बसून सफरचंदाचा खपली रोग ओळखणारी प्रणाली तयार होते, आणि एक्स्टर्नल त्याबद्दल विचारत नाही.

स्थापत्य शाखेचे प्रकल्प दिसायला नीरस असतात, पण बहुधा सर्वांत प्रामाणिक. औष्णिक केंद्रांची राख किंवा चुना काळ्या मातीत मिसळून तिची फुगण्याची प्रवृत्ती आणि भारक्षमता मोजणे, राखेच्या विटा, खारपाणपट्ट्यातील (खाऱ्या भूजलाच्या भागातील) विहिरींच्या पाण्याची तपासणी. हंगाम चुकला तरी नमुना प्रयोगशाळेत आणता येतो.

स्थानिकपणाचे चांगले उदाहरण पूर्व विदर्भातले आहे. मालगुजारी (जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, बांधलेल्या) तलावांत ढीवर समाज शिंगाड्याची शेती करतो. काटेरी टरफल हाताने सोलताना बोटे रक्ताळतात. शिंगाडा सोलण्याच्या यंत्रावर तिकडच्या मुलांनी काम केले आहे. ओल्या शिंगाड्याची आणि उकडून वाळवलेल्याची तऱ्हा वेगळी, आकार कमी-जास्त, त्यामुळे आधी प्रतवारी करावी लागते. अशा यंत्राची आयती नक्कल इंटरनेटवर मिळत नाही, हाच त्याचा मोठा फायदा.

घडवणे आणि विकत घेणे. गट गुणांवरून बनतात असे सांगतात, पण पुष्कळदा ते एसटीच्या मार्गावरून बनतात. एकाच गाडीने जाणारे एकत्र येतात, कारण संध्याकाळची शेवटची गाडी चुकवता येत नाही. मुलींना होस्टेलवर वेळेत परतावे लागते, म्हणून वेल्डिंगच्या दुकानात रात्री थांबणे मुलांकडे आणि अहवाल टाइप करणे मुलींकडे, अशी वाटणी होऊन बसते. तोंडी परीक्षेत यंत्राची सगळी मापे त्या मुलीच सांगतात, हा भाग निराळा.

तालुक्याच्या ठिकाणचा ट्रॉली-वखर बनवणारा वेल्डर हा अनेक प्रकल्पांचा खरा गाईड. लोखंडी पट्टी किती जाडीची लागेल हे तो डोळ्याने सांगतो आणि गणित मागाहून त्याच्याशी जुळवले जाते. दुसरे टोक मोठ्या शहरांतल्या ‘प्रोजेक्ट करून मिळेल’ अशा पाट्यांचे. तेथे यंत्र, अहवाल आणि संभाव्य प्रश्नोत्तरे असा संच मिळतो. मुखपृष्ठ बदलून तेच यंत्र पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात जाते. याचा दोष केवळ मुलांच्या माथी मारणे सोपे आहे. एका गाईडकडे पाच-सहा गट असतील आणि वर्कशॉपचे कुलूप पाचला लागत असेल, तर विकतचा रस्ता तयार होणारच.

भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा (अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा) पूर्ण सदस्य झाला आणि मानांकनासाठी प्रकल्पाच्या नोंदी, गुणपत्रके, ‘समाजोपयोगिता’ यांचे कागद वाढले. त्याच वर्षी सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानाने कॉलेजांना गावे जोडून दिली. २०२१ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी पेटंटचे शुल्क ८० टक्क्यांनी घटले, तेव्हापासून अर्जांची हौसही आली आहे. शेतीची पद्धत भारतीय कायद्यात पेटंटयोग्य नाही, अवजार असू शकते, हा फरक अर्ज भरताना कळतो.

नंतर. परीक्षा संपली की मॉडेल विभागाच्या मागच्या खोलीत जाते. मोटार, बॅटरी आणि कंट्रोलर पुढच्या बॅचचे ज्युनिअर काढून नेतात, ही त्या खोलीतली मान्य वहिवाट आहे. सांगाडा दोन-तीन वर्षे राहतो आणि नॅकची (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) समिती येणार असली की त्याला रंग लागतो. नंतर तो किलोवर भंगारात जातो. चाक तेवढे जागेवर नसते : ते घरच्या सायकलचे होते, आणि जूनमध्ये ती सायकल वावरात जायला लागते.