डिमेन्शिया आणि कला: 'थेरपी' हा शब्द चिकटला कसा

'आर्ट थेरपी' हा शब्द मुळात डिमेन्शियासाठी, म्हणजे स्मृतिभ्रंशासाठी, नव्हताच. १९४२ मध्ये ब्रिटनमधल्या एका चित्रकाराने तो काढला, टीबीने सॅनिटोरियममध्ये पडून असताना चित्रं काढून त्याला स्वतःला उभारी आली त्यावरून. पुढे रीतसर कोर्स आले, पदव्या आल्या.

डिमेन्शियात बरीच वर्षं सगळा भर आठवणींवर. जुने फोटो पुढे ठेवायचे आणि हे कोण, ते गाव कुठलं विचारायचं, म्हणजे माणसाचं जे हरवलंय नेमकं तेच त्याच्याकडे मागायचं. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात वॉटरकलरचे वर्ग निघाले, पण माझ्या मते खरं वळण १९९६ चं, अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहरातल्या नर्सिंग होममधलं. नाटकवाली एक बाई आठवडेच्या आठवडे आठवणींचे खेळ घेऊन थकली, शेवटी तिने मासिकातलं सिगरेटच्या जाहिरातीचं पान फाडून आणलं आणि सांगितलं की आठवायचं काही नाही, ह्या काउबॉयची गोष्ट रचायची. गप्प बसणारी मंडळी पाऊण तास बोलली, हसली, गायलीसुद्धा. उत्तर चुकणारच नव्हतं ना! २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या म्युझियमने डिमेन्शिया असलेल्या लोकांना घरच्यांसकट चित्रं बघायला बोलवायला सुरुवात केली, तिथेही परीक्षा नाहीच.

घोळ आहे तो 'थेरपी' म्हणण्यात. थेरपी म्हटलं की समोरचा पेशंट होतो, मग मोजमाप आलं, स्कोअर आला. नुसती ॲक्टिव्हिटी म्हटलं तर टाइमपास समजून पैसे कोणी देत नाही, हेही खरंय, म्हणून संस्था तो शब्द सोडत नाहीत. २०१९ मध्ये आरोग्य आणि कला ह्यावर जागतिक पातळीवरचा एक अहवाल आला, ३,००० हून जास्त अभ्यास चाळलेला, त्याने कलेला वजन आलं, पण आकड्यांची भूकही वाढली.

आपल्याकडे भारतात २०२३ च्या अंदाजानुसार साठीपुढच्या ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, आणि डे-केअरच्या वेळापत्रकात 'आर्ट थेरपी' सर्रास दिसते. आमची आत्या जायची तिथे ठिपक्यांची रांगोळी दिली होती, पाच ते पाच. आत्याने ठिपके सोडून दिले आणि चिमटीतून एक लांबलचक रेघ ओढत नेली, तिला चोच काढली, मग पंख, आणि मला म्हणाली, "बघ गं, पोपट बसलाय." फॉर्मवर त्या दिवशी लिहिलं होतं: सूचना पाळल्या – नाही.