स्टेअरिंग बॉक्सची गळती: वरचे सील की खालचे?

जुन्या जीपवर्गीय गाडीच्या पुढच्या उजव्या चाकामागे तेलाचे डाग दिसू लागले आणि पॉवर स्टेअरिंगच्या टाकीतील पातळी उतरू लागली, की बहुतेक जण स्टेअरिंग बॉक्सचे खालचे सील गेले असे समजतात. मात्र थेंब बॉक्सच्या तळाशी जमतो म्हणून तो तिथूनच निघाला असे ठरत नाही, कारण वरच्या सीलमधून झिरपणारे तेलही बॉक्सच्या अंगावरून ओघळत ड्रॉप आर्मपाशीच, म्हणजे बॉक्सखालून चाकांकडे जोर पोहोचवणाऱ्या दांड्यापाशी, येऊन टपकते. हा खुलासा वर्म (आट्यांचा दांडा) आणि बॉलच्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक बॉक्सपुरता आहे. रॅक प्रकारच्या स्टेअरिंगची रचना निराळी असते.

वरचे सील स्टेअरिंग कॉलमकडून येणाऱ्या इनपुट शाफ्टवर बसते, तर खालचे सील ड्रॉप आर्म फिरवणाऱ्या सेक्टर शाफ्टवर. दिसायला दोन्ही रबरी कड्याच, पण त्यांच्यावर पडणारा भार अगदी वेगळा आहे. वरच्या सीलला साधारणपणे टाकीकडे परतणाऱ्या तेलाचाच अल्प दाब सोसावा लागतो. खालच्या सीलवर मात्र स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवताना पंपाचा जवळजवळ सगळा दाब येतो, आणि तो अनेक गाड्यांत 70 ते 100 बारपर्यंत जातो. त्यामुळे त्याच मापाचे इंजिनचे साधे ऑइल सील तिथे बसले तरी टिकत नाही. नाशिकच्या द्वारका परिसरात सुटे भाग घ्यायला जाताना जुने सील सोबत न्यावे आणि माप जुळवण्याबरोबरच ते पॉवर स्टेअरिंगचेच आहे याची खात्री करावी.

निदानासाठी बॉक्स, पाइपांचे सांधे आणि पंपाखालचा भाग डिग्रीझरने धुऊन पूर्ण कोरडा करावा व त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी. इंजिन संथ चालू ठेवून सहकाऱ्याने स्टेअरिंग दोन्ही बाजूंना वळवावे, मात्र शेवटच्या टोकाला पाच सेकंदांपेक्षा अधिक काळ धरून ठेवू नये. एका बाजूला वळवतानाच खाली तेल फुटत असेल, तर संशय खालच्या सीलवर जातो. वरून सावकाश ओली रेघ उतरत असेल, तर वरच्या सीलवर. नाशिकच्या पावसाळ्यात ही तपासणी छताखालीच करावी, कारण ओल्या बॉक्सवर पावडर काहीच सांगत नाही.

खालचे सील घरी बदलणे शक्य आहे. गाडी मजबूत जॅक स्टँडवर घ्यावी, ड्रॉप आर्म आणि शाफ्टवर जुळणीची खूण करावी आणि आर्म पुलरनेच काढावा. हातोड्याचे घाव आतल्या बेअरिंगला बसतात. सर्कलिप (सील अडवून धरणारी स्प्रिंगची कडी), वॉशर आणि सील कोणत्या क्रमाने निघाले याचा फोटो घेऊन ठेवावा. शाफ्टवर गंजाचे खड्डे किंवा बोटाला जाणवणारी खाच असेल, अथवा शाफ्ट आडवा हलत असेल, तर नवे सीलही लवकरच गळेल आणि बॉक्स उतरवून सातपूर किंवा अंबडच्या चांगल्या वर्कशॉपमध्ये नेणे भाग आहे. सारे ठीक असल्यास शाफ्टच्या दात्यांवर पातळ टेप गुंडाळून, सीलच्या ओठाची, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेची, स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे ठेवून, सील सरळ आत दाबावे. टेप न लावल्यास दात्यांच्या धारेने ओठ कापला जातो, आणि हे नुकसान बसवताना दिसतही नाही.

वरच्या सीलबाबत मी अधिक सावध राहण्यास सांगेन. ते सहज हाती लागल्यासारखे दिसते, पण अनेक बॉक्समध्ये ते ज्या ॲडजस्टर प्लगमध्ये असते, त्याच प्लगवर वर्मच्या बेअरिंगचा ताण ठरलेला असतो. प्लग किंचित जास्त आवळला तर वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही, सैल राहिला तर गाडी रस्त्यावर भरकटते. कसारा घाटात हे दोन्ही दोष जिवावर बेतू शकतात. प्लग न हलवता सील निघत असेल तरच ते घरी करावे. त्यासाठी कॉलमचा सांधा सोडण्यापूर्वी चाके सरळ करून स्टेअरिंग बांधून ठेवावे, कारण एअरबॅगच्या गाडीत ते मोकळे फिरल्यास क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅगला वीज पोहोचवणारी गुंडाळलेली पट्टी, तुटते.

दोन्ही कामांनंतर निर्मात्याने सांगितलेलेच तेल भरावे. ब्रेक ऑइल चुकूनही नको, कारण त्याने सीलचे रबर फुगते. पुढची चाके उचललेल्या स्थितीत, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवत पातळी राखावी आणि टाकीतील बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करावे. काढलेले तेल डब्यात साठवून वापरलेले ऑइल घेणाऱ्याकडे द्यावे. गटारात ओतलेले तेल नासर्डीमार्गे गोदावरीतच पोहोचते.