थांबण्याचा खर्च कोण करणार? नव्या मटेरियलच्या कंपन्या आणि खान्देशातला छोटा गुंतवणूकदार

जळगाव-धुळ्याकडे चहासोबत शेअरची चर्चा चालते, ती काही आजची नाही. बदललंय ते चर्चेतलं सामान. पूर्वी बँका, औषधं, फार तर एखादी सिमेंट कंपनी असायची. आता कार्बन फायबर, ग्राफिन, टायटॅनियमचे मिश्रधातू आणि रेअर अर्थ मॅग्नेट, म्हणजे निओडिमियमसारख्या धातूंचे ताकदवान चुंबक. एखाद्या कंपनीने एक्सचेंजला चार ओळींचं पत्र पाठवून आपण 'ॲडव्हान्स्ड मटेरियल'मध्ये उतरतोय असं कळवलं, की शेअरला अप्पर सर्किट लागतं, म्हणजे भाव दिवसाच्या कमाल मर्यादेला टेकतो, आणि पारोळ्यापासून रावेरपर्यंत एकच प्रश्न फिरतो: घ्यायचा का? कोणी शंका काढलीच, तर एखादे जिभाऊ हमखास म्हणतात, "अमळनेरवाल्यांनी विकले असते तर?"

या वाक्यापुढे खान्देशात कोणी बोलत नाही. म्हणून आधी अमळनेरचंच बघू.

मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी १९४५ च्या डिसेंबरात अमळनेरला 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली. तेलबियांचा मुलूख आणि दारातून जाणारी सुरत-भुसावळ रेल्वे. 'सनफ्लॉवर' वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा ७८७ साबण हा कंपनीचा माल. १९४६ मध्ये तिचे शेअर लोकांना विक्रीला निघाले आणि गावातल्या व्यापाऱ्या-शेतकऱ्यांच्या घरांत पोहोचले. १९६६ मध्ये प्रेमजी वारले, तेव्हा २१ वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून परतले. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आयबीएम भारतातून निघून गेली, बाजारात जागा झाली, आणि तेल-साबणाची ही कंपनी संगणकात शिरली. तीच विप्रो. पुढे शेअरचं विभाजन झालं, बोनसमागून बोनस आले, आणि ट्रंकेत पडून राहिलेल्या कागदांची किंमत कोटींत गेली.

ही गोष्ट खरी आहे, पण सांगताना तिचा मधला भाग गाळला जातो. १९४६ मध्ये शेअर घेणाऱ्याने वनस्पती तुपाची कंपनी घेतली होती. संगणक त्याच्या स्वप्नातही नव्हता आणि तो येईपर्यंत तीसेक वर्षं गेली. ती वर्षं कंपनीने उसनवारीवर काढली नाहीत, डबे आणि साबणाच्या वड्या रोज विकल्या जात होत्या. नवा धंदा पायावर उभा राहीपर्यंत जुना त्याला पोसत होता. दुसरं असं, की तेव्हा शेअर विकणं हेच एक लचांड होतं. कागदी सर्टिफिकेट, ट्रान्सफर फॉर्म, मुंबईचा ब्रोकर, सही जुळली नाही की परत आलेलं पाकीट. अमळनेरकरांच्या संयमाला माझा नमस्कार आहे, पण त्या संयमात टपालखात्याचाही वाटा असावा असं मला वाटतं. आज अंगठ्याच्या एका हालचालीत शेअर विकला जातो.

अमळनेरची गोष्ट सांगणारे १९९४-९५ ची गोष्ट सांगत नाहीत. १९९२ मध्ये कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज हे सरकारी पद रद्द झालं, शेअर कितीला विकायचा हे कंपन्याच ठरवू लागल्या आणि इश्यूंचा, म्हणजे लोकांना नवे शेअर विकण्याचा, पूर आला. सागवानाच्या लागवडीपासून ग्रॅनाइटपर्यंत वाट्टेल त्या धंद्याचे फॉर्म तालुक्याच्या गावांत वाटले गेले. त्यातल्या अनेक कंपन्यांचा पुढे पत्ताच लागला नाही. 'व्हॅनिशिंग कंपनी' हा सरकारी शब्द तेव्हाचाच. ते कागदही घरोघरी ट्रंकेत आहेत, फक्त त्यांच्यावरून कोणी दाखला देत नाही.

नव्या मटेरियलचा खान्देशाला स्वतःचा अनुभवही आहे, तो म्हणजे प्लास्टिक. भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये जळगावातला केळी पावडरचा आजारी कारखाना घेऊन पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. १९८० मध्ये पीव्हीसी पाइप आले आणि त्या दशकाच्या शेवटी ठिबक. लोखंडी आणि सिमेंटच्या पाइपांच्या जमान्यात पीव्हीसी हे नवं मटेरियलच होतं. ते जिंकलं का? केळीच्या कुठल्याही बागेत जाऊन पाहा. पण भागधारकाचा प्रवास तितका सरळ झाला नाही. ठिबकच्या अनुदानाचे पैसे सरकारांकडे अडकत गेले, येणी वाढली, कर्ज वाढलं, २०१९ मध्ये जैन इरिगेशनला हप्ते भरता आले नाहीत आणि २०२० च्या मार्चमध्ये शेअर एकेरी आकड्यात आला. कर्जाची फेररचना २०२२ मध्ये पूर्ण झाली. माल उत्तम, मागणी दारात, तरी पैसा वेळेवर हातात आला नाही की काय होतं, हे जळगावला बाहेरच्याने शिकवायची गरज नाही.

आता कार्बन फायबरकडे येतो. सध्याच्या चर्चेत हेच नाव सगळ्यात जास्त येतं, आणि त्याचा इतिहास कामाचा आहे म्हणून जरा सावकाश.

स्वेटरचं ॲक्रिलिक ज्या पॉलिमरपासून बनतं, त्याच कुळातला धागा घ्यायचा. तो हवेत २०० ते ३०० अंशांवर तासभर किंवा जास्त वेळ भाजायचा, मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर न्यायचा. बाकीची मूलद्रव्यं उडून जातात आणि जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. तंतूची जाडी ५ ते ७ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. दोन किलो धाग्यातून साधारण एक किलो माल निघतो, अर्धं वजन धुरात. कच्चा धागा आणि वीज, या दोन खर्चांत निम्म्याहून जास्त पैसा जातो. हे गणित साठ वर्षांत मुळातून बदललेलं नाही.

अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या रॉजर बेकन यांनी १९५८ मध्ये अतिमजबूत कार्बनचे तंतू दाखवले. जपानच्या अकिओ शिंदो यांनी ॲक्रिलिकचा रस्ता शोधला आणि ब्रिटनमध्ये फार्नबरोच्या सरकारी संस्थेने साठच्या दशकाच्या मध्यावर त्याला ताकद आणली. रोल्स-रॉइसने उडी घेतली. आरबी २११ या नव्या जेट इंजिनाची पुढची पाती कार्बन फायबरची करायची ठरली. वजन वाचणार, इंधन वाचणार, कागदावर सगळं जमत होतं. विमानाच्या इंजिनात पक्षी शिरला तर काय होतं, हे पाहायला कोंबडी वेगाने झाडून चाचणी घेतात. १९७० मध्ये त्या चाचणीत पाती फुटली. कंपनीला टायटॅनियमकडे वळावं लागलं, आधीच फुगलेला खर्च आणखी फुगला आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजी रोल्स-रॉइस दिवाळखोरीत गेली. एकट्या पात्यांनी ती बुडवली असं नाही, पण बुडवणाऱ्यांत पाती होती. ब्रिटनच्या सरकारने ती ताब्यात घेतली, इंजिन पुढे नामी निघालं, आणि तोवर जुन्या भागधारकाचा शेअर हातचा गेला होता.

त्याच १९७१ मध्ये जपानच्या तोरे कंपनीने कार्बन फायबर विकायला काढलं. विमानवाले उभे करत नव्हते, तर त्यांनी ते मासेमारीच्या काठ्यांना आणि गोल्फच्या दांड्यांना विकलं. बोइंगचं ७८७ हे वजनाने निम्मं कंपोझिटचं (कार्बन फायबर राळेत बसवून केलेल्या साहित्याचं) विमान २०११ मध्ये प्रवासी घेऊन उडालं आणि त्याचं कार्बन फायबर तोरेचं होतं. चाळीस वर्षं! ती निघाली कशी, तर तोरे मुळात नायलॉन आणि पॉलिस्टरची कंपनी. थांबण्याचा खर्च कपड्याने केला. अमळनेरला तो साबणाने केला होता. जिभाऊंचा दाखला लागू पडतो तो इथे, आणि इथेच तो कोणी देत नाही.

आपल्या शेजारी याची उलटी बाजू घडली. बडोद्याच्या केमरॉक कंपनीने बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचं तंत्रज्ञान घेऊन २०१० मध्ये कार्बन फायबरचा कारखाना सुरू केला. देशातला पहिला म्हणून कौतुक झालं, शेअर बाजारात नाव झालं. थांबण्याचा खर्च इथे कर्जाने करायचा होता आणि कर्जाला चाळीस वर्षं थांबायची सवय नसते. कंपनी बुडाली. तिची कंपोझिटची मालमत्ता २०१७ मध्ये रिलायन्सने घेतली, आणि २०२२ मध्ये रिलायन्सने हजिऱ्याला स्वतःचा मोठा कार्बन फायबर प्रकल्प जाहीर केला. मटेरियल तेच, स्वप्न तेच, फक्त मधल्या काळात पेट्रोकेमिकलचा पैसा ओतू शकणारा मालक आला.

ग्राफिनचं थोडक्यात. मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी २००४ मध्ये चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा एक अणू जाडीचा थर सोलला आणि २०१० मध्ये नोबेल मिळवलं. २०१३ मध्ये डरहॅम विद्यापीठातून निघालेली अप्लाइड ग्राफिन मटेरियल्स लंडनच्या बाजारात आली. दहा वर्षं तिने भागधारकांच्या पैशावर काढली आणि २०२३ मध्ये चालू धंदा किरकोळ किमतीला विकून टाकला. ग्राफिनमध्ये खोट नव्हती. रंग आणि रबरवाल्यांना ते थोडं थोडं हवं होतं, आणि थोडं थोडं विकून कारखान्याचा पगार निघत नाही.

रेअर अर्थचा ताप मात्र थेट आपल्या अंगणात आलाय. चीनने २०२५ च्या एप्रिलमध्ये काही रेअर अर्थ आणि त्यांच्या मॅग्नेटच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आपल्याकडचे गाडी उत्पादक चिंतेत पडले, आणि नोव्हेंबरमध्ये केंद्राने देशात मॅग्नेट बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नंदुरबारच्या डोंगरांतून नर्मदा ओलांडली की छोटा उदेपूर जिल्हा, तिथल्या अंबाडुंगरला रेअर अर्थचा साठा आहे आणि तो काढण्याच्या बेतात असलेल्या गुजरातच्या सरकारी खाण कंपनीचा शेअर त्या वर्षी चांगलाच उसळला. इंडियन रेअर अर्थ्स, म्हणजे आजची आयआरईएल, मुळात बाजारात नाहीच. मग नावात किंवा पत्रात 'मॅग्नेट' असलेलं जे हाती लागेल ते लोक घेतात.

अमेरिकेत हा खेळ एकदा होऊन गेलाय. २०१० मध्ये चीन-जपान तंट्यात रेअर अर्थचे भाव भडकले. त्याच जुलैत कॅलिफोर्नियाच्या माउंटन पास खाणीची मालक मॉलिकॉर्प १४ डॉलरला बाजारात आली होती, वर्षभरात ती सत्तरच्या वर गेली. चीनने माल पुन्हा सोडला, भाव कोसळले, खाणीच्या विस्तारासाठी काढलेलं कर्ज तेवढं राहिलं आणि जून २०१५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज आला. त्या पाच वर्षांत निओडिमियमची मागणी वाढतच होती. तीच खाण आज एमपी मटेरियल्स या दुसऱ्या कंपनीच्या नावाने जोरात आहे.

सगळ्या गोष्टी बुडाल्याच्या आहेत असं वाटू नये म्हणून मिधानी. हैदराबादची मिश्र धातु निगम ही सरकारी कंपनी १९७३ मध्ये निघाली. सुपरअलॉय, टायटॅनियम, मॅरेजिंग स्टील असला माल ती अवकाश आणि संरक्षण खात्याला पुरवते. २०१८ च्या मार्चमध्ये ९० रुपयांना इश्यू आला, तेव्हा त्याला फारसा उठाव नव्हता. २०२४ पर्यंत भाव त्याच्या चौपटीहून वर जाऊन आला. इथे थांबण्याचा खर्च सरकारने आधीच, ४५ वर्षं केला होता. छोटा गुंतवणूकदार शेवटच्या डब्यात बसला आणि तिकीटही स्वस्त होतं.

आता एवढे लोक या चर्चेत आले कुठून? २०२० च्या मार्चमध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती, म्हणजे शेअर ठेवायची इलेक्ट्रॉनिक खाती, होती, २०२५ च्या ऑगस्टपर्यंत वीस कोटी झाली. खान्देशात आणखी एक कारण मला दिसतं. काही वर्षांपूर्वी इथल्या पतसंस्था एकामागून एक अडचणीत आल्या आणि ठेवीदार पासबुकं घेऊन सहकार खात्याच्या पायऱ्या झिजवत राहिले. 'ठेव म्हणजे सुरक्षित' हा भरवसा त्या पायऱ्यांवर संपला. ठेवही बुडते तर शेअर काय वाईट, असं म्हणणारी माणसं मी दोन्ही जिल्ह्यांत ऐकली आहेत.

चर्चा नुसती टिपांची असते असंही नाही. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिक चटईचं युनिट चालवणारे एक अण्णा कार्बन फायबरच्या कंपनीबद्दल इतकंच विचारतात, "दाणा कोणाचा?" म्हणजे कच्चा धागा स्वतःचा की विकतचा. विकतचा असेल तर नफा विकणाऱ्याच्या हातात, हे त्यांना चटईच्या दाण्याचे भाव रोज बघून पाठ झालंय. वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले दुसरे एक गृहस्थ ऑर्डरच्या बातमीला भुलत नाहीत. त्यांचा प्रश्न: "माल पास कोण करणार, आणि पास होईपर्यंत पगार कशातून?" विमान आणि संरक्षणाच्या कामात नव्या मटेरियलला मान्यता मिळायला वर्षं लागतात, आणि कारखान्याचं एक यंत्र बदललं तरी बऱ्याच चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. माझ्या मते दलालांच्या अर्ध्या अहवालांपेक्षा या दोघांचे प्रश्न भारी आहेत.

त्यांना जोडून तिसरा प्रश्न वॉरंटचा, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे नवे शेअर घेण्याच्या हक्काचा. छोट्या कंपन्या थांबण्याचा खर्च भागवायला प्रमोटरला (कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांना) किंवा बाहेरच्या चार-सहा जणांना असे नवे शेअर देतात. दर वेळी तुमचा वाटा थोडा पातळ होतो आणि भाव चढता असेपर्यंत त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

२०२० पासून कंपन्यांना वार्षिक सभा व्हिडिओवरून घ्यायची मुभा मिळाली आणि बऱ्याच जणी ती वापरतात. चोपड्याचा भागधारक मुंबईची गाडी न पकडता सभेत बोलू शकतो. त्यासाठी सभेच्या काही दिवस आधी वक्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं, मग दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यातली बरीचशी अध्यक्षांच्या अभिनंदनात जातात. धागा कोणाचा, मान्यता कुठल्या टप्प्यावर आणि तोवरचा खर्च कशातून, हे तिन्ही विचारायला मिनिटभर पुरतं. उत्तर बहुतेक वेळा "योग्य वेळी एक्सचेंजला कळवू" असं येतं, आणि तेही सभेच्या नोंदीत राहतं.