ढेकूण शोधणारा कुत्रा कधीच चुकत नाही?

प्रशिक्षित कुत्रा इशारा म्हणून बसला की तिथे ढेकूण आहेतच, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. या समजाला बळ मिळालं २००८ च्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगातून: मुद्दाम लपवलेले ढेकूण कुत्र्यांनी ९७.५ टक्के वेळा हुडकले. पण २०१४ मध्ये, अमेरिकेतच, रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसं राहत असलेल्या घरांत ११ पथकं (कुत्रा आणि त्याला सांभाळणारा) तपासली, तेव्हा सरासरी यश जेमतेम ४४ टक्के भरलं. शिवाय ढेकूण नसलेल्या घरांपैकीही सरासरी १५ टक्के घरांत कुत्र्यांनी चुकीचा इशारा दिला. दोष नाकाचा नाही. वास हवेच्या झोताबरोबर सरकतो, कुत्रा दमतो, आणि सांभाळणाऱ्याच्या नकळत झालेल्या हालचालीही तो टिपतो. म्हणून इशारा मिळाला तरी ढेकूण किंवा अंडी डोळ्यांनी दिसल्याशिवाय फवारणीला हो म्हणू नका.