कुनी नो मियात्सुको: सत्ता गेली तरी टिकलेली घराणी

सहाव्या शतकातला जपानचा यामातो राजदरबार प्रांताप्रांतांत जम बसलेल्या सरदारालाच ‘कुनी नो मियात्सुको’ म्हणून मान्यता देई. कुळाला किताब मिळे. बदल्यात सैन्य, नजराणे आणि घरची मुले-मुली दरबारच्या चाकरीला द्यावी लागत. ५२७ मध्ये क्यूशू बेटावरच्या त्सुकुशीच्या सरदाराने बंड केले. ते मोडल्यावर त्याच्या मुलाने जमीन अर्पण करून जीव वाचवला. मुसाशी प्रांतात एकाच घराण्यातले दोघे पदासाठी भांडले, तेव्हा दरबाराच्या पाठिंब्याने जिंकलेल्यानेही जमीनच दिली. प्रांतांत दरबाराची पकड घट्ट झाली ती अशा प्रसंगांतून.

६४५ नंतरच्या सुधारणांत प्रांतावर केंद्राचा मुदतीचा अधिकारी आला आणि जुनी घराणी त्याच्या हाताखाली जिल्ह्याचा कारभार पाहू लागली. इतिहासाची पुस्तके बहुधा इथेच हा विषय आटोपतात. माझ्या मते निर्णायक घटना त्यानंतरची, ७०२ ची आहे. त्या वर्षी दरबाराने कोणत्या प्रांतात कोणती कुळे कुनी नो मियात्सुकोची मानायची हे ठरवले आणि त्यांची नावे एका नोंदवहीत घातली. ती वही आज उपलब्ध नाही, त्यामुळे वाद अजून चालू आहे. काहींच्या मते पूर्वी हे पद भूषवलेली सगळी कुळे तिच्यात होती. इतर म्हणतात, दरबाराने प्रत्येक नव्या प्रांतासाठी एकच कुळ निवडले आणि त्याच्याकडे मुख्यतः धार्मिक काम ठेवले. मला पहिले मत अधिक पटते. कारण त्याच काळातली कायदेसंहिता सांगते की जिल्हाधिकारी नेमताना दोन उमेदवारांची योग्यता सारखी असेल, तर कुनी नो मियात्सुकोला आधी घ्यावे. निव्वळ पूजाअर्चेसाठी निवडलेल्या मोजक्या कुळांसाठी असे कलम कशाला लागेल?

या कलमामुळे वंशावळीला नोकरीचे मोल आले. आज हाती असलेली सुमारे १३० नावांची यादी नवव्या शतकाच्या आसपासच्या एका ग्रंथात आहे. सातव्या शतकाच्या आरंभीच्या एका राजपुत्राला ग्रंथाचे श्रेय देणारी त्याची प्रस्तावना बनावट मानली जाते. तरी यादी टाकाऊ ठरत नाही. तिच्यातली स्थळे आणि पदे बरीचशी विश्वासार्ह आहेत. मूळपुरुष मात्र जपूनच घ्यावेत.

इझुमो प्रांतातल्या कुनी नो मियात्सुको घराण्याची कथा सर्वांत लांबली. ७३३ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या प्रांताच्या वर्णनग्रंथावर ज्याची सही आहे, तो एकाच वेळी कुनी नो मियात्सुको आणि ओउ जिल्ह्याचा अधिकारी होता. देवकार्याच्या सबबीखाली कारभाराकडे दुर्लक्ष होते, असे कारण देऊन ७९८ मध्ये दरबाराने ही दोन पदे वेगळी केली. जिल्हा हातचा गेला, इझुमोचे मंदिर राहिले. चौदाव्या शतकात वारसाहक्कावरून घराणे सेंगे आणि किताजिमा असे दुभंगले. मग मंदिरातली विषम महिन्यांची सेवा सेंगेंकडे आणि सम महिन्यांची किताजिमांकडे, अशी वाटणी झाली.

१८७१ मध्ये मेइजी सरकारने देवस्थानांवरचे वंशपरंपरागत हक्क रद्द केले. तरीही इझुमोचे प्रमुख पुरोहितपद सेंगेंकडेच आले, आणि १८८४ मध्ये इझुमोची दोन्ही घराणी, तसेच किई आणि आसो इथली जुनी घराणी बॅरन या सरदारकीच्या किताबाची मानकरी झाली. सेंगेंच्या ऐंशीव्या प्रमुखाने तोवर मंदिराचे पद सोडले होते. पुढे केंद्र सरकारने त्यालाच सैतामा, शिझुओका आणि १८९८ पासून दहा वर्षे तोक्यो इथे गव्हर्नर नेमले.