गेममधली उडी खरी का वाटते?

चतुर्थीला गावच्या मोठ्या घरात भावंडं जमली, की आरती आणि जेवण यांच्या मधल्या वेळात एका मोबाईलवर पाच-सहा डोकी वाकलेली दिसतात. ‘त्यात एवढं काय ठेवलंय?’ असं मोठी माणसं विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी गेममधली एक साधी उडी उलगडून पाहू.

सिनेमातली चित्रं आधीच तयार असतात, गेममधली त्या क्षणी काढली जातात. बटण दाबलंय का ते बघायचं, कोण कुठे सरकलं याचा हिशेब करायचा, नवं चित्र काढायचं, की पुन्हा पहिल्यापासून. अनेक गेममध्ये हा फेरा सेकंदाला 60 वेळा होतो. म्हणजे एका फेऱ्याला जेमतेम 16.7 मिलिसेकंद.

गोव्यातल्या शाळांत आता कोडिंग शिकवतात. स्क्रॅच ही ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायची भाषा येणाऱ्या मुलांनी हे करूनच पाहावं. त्यातल्या पडद्यावरच्या मांजराला वरच्या दिशेने 12 चा वेग द्या. दर फेऱ्याला ते वेगाइतकं वर सरकवा आणि वेगातून 1 वजा करा. 12, 11, 10 असं करत बारा फेऱ्यांत मांजर 78 अंकांवर पोचतं आणि तेवढ्याच वेळात खाली येतं. गॅलिलिओचा नियम तंतोतंत पाळलेला, तरी उडी फुग्यासारखी तरंगते. आता उतरताना वेग दर फेऱ्याला 2 ने वाढवा. बाराऐवजी नऊ फेऱ्यांत मांजर जमिनीवर येतं आणि उडीला एकदम वजन येतं. भौतिकशास्त्र मोडलं, पण अंगठ्याला पटलं!

1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये हेच फार विचारपूर्वक केलेलं आहे. बटण दाबून धरलं तर वर जाताना गुरुत्वाकर्षण कमी असतं, सोडलं की वाढतं. हवेत असताना दिशाही वळवता येते. पावसात व्हाळ ओलांडताना आपल्याला यातलं काहीच जमत नाही.

मला सगळ्यात आवडते ती मात्र एक न दिसणारी सवलत. अनेक गेममध्ये कड्यावरून पाय सुटल्यानंतरही काही फेरे उडी मान्य केली जाते. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे तब्बल 15 फेरे. त्यात पडद्यावरचं चित्रही थोडं उशिरा येतं. ‘मी वेळेवर दाबलं होतं’ असं म्हणणारा मुलगा खोटं बोलत नसतो, आणि गेम बनवणारा त्याच्यावर विश्वास ठेवतो. ही मला मोठी कारागिरी वाटते.

आनंद इथूनच सुरू होतो: मी केलं आणि लगेच झालं. 1998 साली लंडनमध्ये आठ जणांना रणगाड्याचा गेम खेळायला देऊन त्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली गेली. खेळताना डोपामिन स्रवत होतं, आणि ज्याचा खेळ जास्त चांगला त्याच्यात जास्त. डोपामिनला सुखाचं रसायन म्हणतात, पण ते शिकण्याशीही जोडलेलं आहे. अपेक्षेपेक्षा बरं काही मिळालं, की मेंदू त्याची नोंद घेतो. म्हणून दहादा हुकलेली उडी अकराव्यांदा साधते तेव्हा मूल ओरडतं. रोजच्या सोप्या उडीला ओरडत नाही. गेम फार सोपा झाला की कंटाळा येतो आणि फार कठीण झाला की वैताग, त्यामुळे गेम बनवणारे महिनोन् महिने दुसऱ्यांना खेळायला बसवून कठीणपणा कमी-जास्त करत राहतात.

याच नोंदीचा वेगळा वापरही होतो. काही गेम पैसे घेऊन बंद पेटी देतात. आत काय निघेल ते नशिबावर. मांडवी नदीतल्या कॅसिनोंमधली स्लॉट मशीनं मेंदूच्या ज्या सवयीवर चालतात, तिच्यावरच ही पेटी चालते, आणि तिथे कौशल्याचा काही संबंध उरत नाही. मुलाच्या हातातला गेम पाहताना मी घड्याळाआधी हे बघेन, की बक्षीस अंगठ्याने मिळवलं की पाकिटाने. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 मध्ये अशा विकत घ्यायच्या पेट्यांना जुगारच ठरवलं.